हजारांचा हिशेब आणि एकाचा मृत्यू

सूरह लुकमानच्या अखेरच्या आयतीत पाच गोष्टींचे ज्ञान केवळ अल्लाहकडे असल्याचे सांगितले आहे. कयामतची घडी, पाऊस, मातेच्या उदरातील गर्भ, माणूस उद्या काय कमावणार, आणि तो कोणत्या भूमीवर मरणार. ही आयत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणूनच जुम्याच्या नमाजनंतर एक तरुण विम्याचा छापील कागद हातात घेऊन माझ्याकडे आला आणि त्याने विचारलेला प्रश्न ऐकून मी चमकलो नाही. असा प्रश्न कधीतरी येणारच होता. तो म्हणाला, “मौलाना, या लोकांकडे म्हणे एक कोष्टक असते. कोणत्या वयाला किती माणसे मरणार ते त्यात आधीच लिहिलेले असते आणि सरकारने ते मान्य केलेले असते. जे अल्लाहशिवाय कोणालाच ठाऊक नाही, ते यांनी छापले कसे?”

विमा हलाल की हराम, असे त्याने विचारले नव्हते. तो प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर मी पुढे देणार आहे. त्याचा प्रश्न अकीद्याचा होता, आणि अकीद्याच्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये असे आमचे उस्ताद सांगत. वाचकहो, तुमच्याही घरात विम्याचा एखादा कागद कपाटात असेल. म्हणून त्या तरुणाला मी जे सांगितले आणि जे तेव्हा सांगता आले नाही, ते दोन्ही तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम ते कोष्टक काय आहे ते पाहू. आपल्या देशात आयुर्विमा कंपन्या सध्या ज्याचा आधार घेतात त्याचे नाव ‘इंडियन अ‍ॅश्युअर्ड लाइव्हज मॉर्टॅलिटी २०१२-१४’ असे आहे. ते मुंबईतील विमागणितज्ञांच्या संस्थेने, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाने प्रसिद्ध केले, विमा नियामक प्राधिकरणाने त्यास संमती दिली, आणि १ एप्रिल २०१९ पासून ते वापरात आले. त्याआधी २००६-०८ या वर्षांवरून केलेले कोष्टक होते. त्याहीपूर्वी आयुर्विमा महामंडळाच्या स्वतःच्या अनुभवावरून केलेली कोष्टके होती. नावातील वर्षे ज्या मृत्यूंची नोंद मोजली त्यांची आहेत. त्या काळात विमा उतरवलेल्या लोकांपैकी कोणत्या वयाचे किती जण होते आणि त्यांतील किती दगावले, एवढेच त्यात मोजले आहे. तिसाव्या वर्षी हजारात सुमारे एक, चाळिसाव्या वर्षी दोनपेक्षा थोडे कमी, पन्नासाव्या वर्षी चारपेक्षा थोडे अधिक, साठाव्या वर्षी सुमारे अकरा. यापलीकडे त्या कागदात गूढ असे काही नाही.

आता पाहा, ‘तीस वर्षांच्या हजारांपैकी एक’ हे वाक्य त्या हजारांतील कोणत्याही एकाविषयी काही बोलत नाही. तो एक कोण, हे कोष्टक करणाऱ्याला ठाऊक नाही, विकणाऱ्याला नाही, नियामकाला नाही. ज्याचा क्रम येणार तो त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे दुकानाचे शटर उघडत असेल. आयतीने जे ज्ञान अल्लाहसाठी राखले आहे ते नेमके हेच: अमुक जीव अमुक भूमीवर मरणार. हजारांविषयीचे विधान हे गैबचे ज्ञान नव्हे. ते अल्लाहने या सृष्टीत जी सुन्नत, जी नियमित रीत ठेवली आहे, तिचे निरीक्षण होय.

त्याच आयतीत पावसाचाही उल्लेख आहे, आणि पावसाविषयी आपण अकोलेकरांनी तरी गोंधळू नये. घाटघरला यंदा किती पाऊस होईल हे कोणीही सांगू शकत नाही. तरीही भंडारदऱ्याचे धरण १९२६ पासून उभे आहे, त्यात अकरा टीएमसी पाणी मावते, आणि दरवर्षी १५ ऑक्टोबरचा साठा पाहून पिण्यासाठी किती राखायचे आणि शेतीला किती आवर्तने द्यायची हे ठरते. पावसाची मागील कित्येक वर्षांची मोजदाद नसती तर ती भिंत किती उंच बांधायची हेसुद्धा कळले नसते. प्रवरेच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या आपल्यातील कोणा शेतकऱ्याने आजवर त्या मोजदादीला शिर्क म्हटलेले नाही. पाऊस आणि मृत्यू एकाच आयतीत आहेत. एकाची नोंद ठेवणे शहाणपणाचे आणि दुसऱ्याची ठेवणे ईमानाविरुद्ध, असे म्हणायचे असेल तर त्याला दलील लागेल, आणि ती मला कुठे सापडलेली नाही.

उलट दलील मात्र सापडते. आदरणीय उमर (रजि.) शामकडे निघाले असता सर्ग येथे त्यांना तिकडे प्लेग पसरल्याची वार्ता मिळाली. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. आदरणीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांनी उंट चारणाऱ्याचे उदाहरण दिले. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर हिरव्या बाजूला चारणे हेही तकदीरीतच आहे आणि उजाड बाजूला चारणे हेही. आणि पैगंबर यूसुफ (अलै.) यांची कथा तर सबंध राखीव निधीचीच कथा आहे. सात वर्षांचे धान्य कणसासहित राखायचे, त्यातले खाण्यापुरते थोडे काढायचे, पुढील सात वर्षांची भूक डोळ्यांपुढे ठेवायची. त्यांना ते ज्ञान वहीने मिळाले होते, आपल्याला मोजून मिळवावे लागते. पण ज्ञान मिळाल्यावर कोठार बांधणे हे काम दोघांचेही सारखेच.

आता सरकारचा यात संबंध काय, हे समजून घेतल्याशिवाय या विषयातील नैतिक गाठ सुटत नाही. विमा कंपनी आज हप्ता घेते आणि वचन तीस-चाळीस वर्षांनंतरचे देते. आज घेतलेला पैसा नफा की ऋण, हे दिसायला सारखेच असते. ‘माणसे कमी मरतील’ असे गृहीत धरले की बाजूला ठेवायची रक्कम लहान होते, नफा फुगतो, भागधारक खूश होतात. फसवणूक उघडकीस येईपर्यंत ती करणारे निवृत्त झालेले असतात आणि वचन घेणारा कबरीत असतो. तक्रार करायला उरते ती त्याची विधवा. म्हणून १९१२च्या आयुर्विमा कंपनी कायद्यापासून हप्त्यांचे दर आणि ठरावीक काळाने केलेले मूल्यांकन विमागणितज्ञाकडून प्रमाणित करून घेण्याची सक्ती आली. १९३८च्या विमा कायद्याने ती आणखी आवळली. तरीही गैरकारभार थांबेना, तेव्हा १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकिर्दीत वटहुकूम निघाला आणि दोनशेहून अधिक विमा संस्था सरकारने ताब्यात घेतल्या. १ सप्टेंबरला महामंडळ जन्मले, तेव्हा मात्र महाडजवळच्या नाते गावचा हा मराठी माणूस मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मंत्रिपदावरून दूर झालेला होता. महामंडळाच्या कायद्याच्या ३७व्या कलमात पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी आहे.

पुढे खासगी कंपन्या आल्या आणि २००० साली नियामक प्राधिकरणाने नियम केले. प्रत्येक करारासाठी राखीव निधी स्वतंत्रपणे काढायचा. मृत्युदर प्रसिद्ध कोष्टकाच्या आधारे घ्यायचा, किंवा कंपनीने स्वतःच्या अनुभवावरून वेगळे कोष्टक केले असेल तर त्यावरून. शिवाय अंदाज चुकलाच तर, म्हणून वर काही जादा भर ठेवायची. आणि एखाद्या पॉलिसीचा राखीव निधी गणितात उणे आला तर तो शून्य धरायचा, म्हणजे एकाच्या वाट्याचा फायदा दाखवून दुसऱ्याचे देणे झाकता येऊ नये. नियमांच्या आवृत्त्या नंतर बदलत गेल्या, गाभा तोच राहिला.

यातील एक बारकावा मला फार बोलका वाटतो. मृत्यूनंतर पैसे देण्याच्या करारात सावध कंपनीने मृत्यू थोडे जास्त धरायचे असतात. पण ज्या करारात माणूस जगेल तोवर पेन्शन द्यायची असते, तिथे सावधपणा उलटा होतो. तिथे माणसे जास्त जगतील असे धरायचे. त्यासाठी कोष्टकच वेगळे आहे. म्हणजे नियम मृत्यूविषयी निराश नाही आणि आशावादीही नाही. तो एवढेच सांगतो की अंदाजात जी चूक व्हायची ती वचन घेणाऱ्याच्या बाजूने होऊ दे, वचन देणाऱ्याच्या बाजूने नको. आमच्या फिकहच्या पुस्तकांत अमानतदाराच्या कर्तव्यांवर जे शिकवले जाते, त्याच्याशी हे किती जुळते ते तुम्हीच पाहा.

हे सारे दूरच्या कंपन्यांचे आहे असे वाटत असेल, तर आता घराजवळचे सांगतो. त्यात मीही एक दोषी आहे.

आमच्या परिसरातील एका जमातीने पस्तीसेक वर्षांपूर्वी एक फंड सुरू केला. हेतू अत्यंत नेक होता. घरातील कर्ता पुरुष गेला तर त्याच्या घराला एकरकमी मदत द्यायची, हात पसरण्याची वेळ येऊ द्यायची नाही. हिशेब कळावा म्हणून मी आकडे गोल करून मांडतो. दोनशे सभासद, महिन्याला पन्नास रुपये, म्हणजे वर्षाला १,२०,००० रुपये. आणि वचन ५०,००० रुपयांचे. सुरुवातीला बहुतेक सभासद तिशीतले. हजारी एक या दराने दोनशे जणांत पाच वर्षांतून एक मृत्यू. म्हणजे पाच वर्षांत जमा सहा लाख आणि खर्च पन्नास हजार. फंडात पैसाच पैसा दिसू लागला! मग त्यातून जमातखान्याच्या फरश्या झाल्या, मंडप आणि भांडी झाली, एकदा कब्रस्तानची भिंत झाली. एकही पैसा कोणाच्या खिशात गेला नाही, हे मी शपथेवर सांगेन. सगळा खर्च सवाबच्या कामांवर झाला.

पण ते दोनशे जण दरवर्षी एका वर्षाने मोठे होत होते. साठीला पोहोचल्यावर हजारी अकराने वर्षाला दोनाहून अधिक मृत्यू, म्हणजे एक लाखाच्या वर देणे, जमेच्या जवळपास. सत्तरीत हजारी वीसपेक्षा अधिक, म्हणजे वर्षाला चार किंवा जास्त मृत्यू आणि दोन लाखांचे देणे. जमा तीच १,२०,०००. खरे तर आमच्या गावातील लोक विमा उतरवलेल्यांइतके धडधाकट नसतात, तेव्हा प्रत्यक्ष दर याहूनही वाईट. नवीन पिढी चाकण, पुणे, भिवंडीला गेली. त्यांनी नावे नोंदवली नाहीत. मी समितीवर घेतला गेलो तेव्हा वहीत शिल्लक जवळपास नव्हती आणि ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते, कारण वहीत फक्त जमा आणि खर्च लिहिला जाई. देणे किती आहे, यासाठी रकानाच नव्हता.

एका सभासदाच्या इंतकालनंतर आम्ही त्याच्या विधवेला बारा हजार रुपये दिले. ती इद्दतमध्ये होती, तिचा भाऊ पाकीट घ्यायला आला होता. त्याने विचारले, “वचन तर पन्नासचे होते ना?” समितीतील एक बुजुर्ग म्हणाले, “भाई, अल्लाहची मर्जी.”

त्या क्षणी मी गप्प राहिलो, हा माझा दोष. बोलायला हवे होते ते असे की तिच्या पतीचा मृत्यू ही अल्लाहची मर्जी होती. अडतीस हजारांची तूट ही आमची कसूर होती. मृत्यूवर सब्र करायला आपण तिला सांगू शकतो. आमच्या बेहिशेबीपणावर सब्र करायला सांगण्याचा हक्क आम्हाला कोणी दिला? तवक्कुल हा शब्द आपण स्वतःच्या जिवाच्या बाबतीत वापरावा. दुसऱ्याच्या अमानतीच्या बाबतीत तो वापरू लागलो की तो तवक्कुल राहत नाही, निष्काळजीपणाला पांघरलेली हिरवी चादर होते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे एक जनाजा आणला गेला आणि मृतावर थोडेसे कर्ज असल्याचे कळले, तेव्हा त्यांनी स्वतः नमाज पढण्याचे टाळले, अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतले तेव्हाच पढली. आपण हा प्रसंग नेहमी मृताच्या बाजूने सांगतो. थोडा वेळ त्या फंडाच्या समितीच्या बाजूने विचार करा. आमच्यापैकी प्रत्येकाच्या डोक्यावर दोनशे घरांचे कर्ज होते आणि आम्ही ते शिल्लक समजून भिंती बांधत होतो. सूरह बकरामधील कुरआनची सर्वांत दीर्घ आयत देवाणघेवाण लिहून ठेवण्याविषयी आहे, हे मी मुलांना दरवर्षी शिकवतो. पण जे अजून देय झालेले नाही पण होणार आहे, तेही कर्जच आहे आणि तेही लिहायचे असते, हे मला विम्याच्या नियमांनी शिकवले. असे म्हणण्यात मला कमीपणा वाटत नाही.

हा अनुभव आमचाच नव्हे. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये पाद्र्यांच्या विधवा आणि अनाथांसाठी फंड काढायचा होता. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन पाद्र्यांनी चर्चच्या नोंदींवरून दरवर्षी किती पाद्री मरतात, किती जणांच्या मागे विधवा राहतात, त्या किती वर्षे जगतात, हे मोजले. गणिती कॉलिन मॅकलॉरिन यांच्याकडून आकडे तपासून घेतले. आणि १७४०च्या दशकात फंड उभा केला. पुढची अनेक वर्षे त्यांचा अंदाज आणि प्रत्यक्ष शिल्लक यांत नगण्य फरक पडला. धर्माचे काम करणाऱ्या माणसांनी मृत्यू मोजले ते श्रद्धा कमी होती म्हणून नव्हे. विधवांना वचन द्यायचे होते म्हणून मोजले.

आता तो नेहमीचा प्रश्न. बहुसंख्य उलमांनी व्यापारी विमा नाजायज ठरवला आहे. जिद्द्याच्या इस्लामी फिकह अकादमीचा १९८५चा ठराव तसाच आहे. कारणे तीन सांगितली जातात: रिबा, मैसिर म्हणजे जुगारसदृशता, आणि गरर म्हणजे करारातील अनिश्चितता. सीरियाचे मुस्तफा जरका यांच्यासारख्या मोठ्या फकीहने मूळ विमाकरार जायज मानला होता, हेही खरे. भारतात, दंगलींत जीव आणि मालमत्ता दोन्ही गमावलेल्या लोकांची स्थिती पाहून, इस्लामिक फिकह अकादमीने गरजेच्या आधारे सवलत दिली. तुमच्या बाबतीत काय, ते तुमची परिस्थिती सांगून तुमच्या मुफ्तींना विचारा. मासिकाचा लेख हा फतवा नसतो.

पण या मतभेदात कोष्टकाची जागा कोणती, हे पाहिले पाहिजे. गररचा दोष एक माणूस आणि कंपनी यांच्यातील सौद्यात आहे: एकाने एक हप्ता भरला आणि गेला, दुसऱ्याने तीस वर्षे भरून काहीच मिळाले नाही. हजारांच्या पातळीवर मात्र ती अनिश्चितता जवळपास नाहीशी होते. म्हणून ज्या रचनेत अनिश्चितता विकली जात नाही, तर हजार जण ती एकमेकांत वाटून घेतात, तिला त्याच अकादमीने मान्यता दिली. अशअरी कबिल्याविषयी हदीसमध्ये येते की धान्य संपत आले की ते सर्वांकडचे एका कापडात गोळा करीत आणि सारखे वाटून घेत, पैगंबरांनी (स.) त्यांना आपले म्हटले. तकाफुलचे मूळ उलमा अशा प्रसंगांत शोधतात. १९७९ साली सुदानमध्ये तकाफुल कंपनी सुरू झाली, पुढे मलेशियात कायदा झाला. आणि लक्षात घ्या, तकाफुललाही मृत्युदराचे कोष्टक लागतेच. नियत शुद्ध झाल्याने बेरीज बदलत नाही.

कोष्टकावर माझा एक आक्षेप मात्र आहे, तो वेगळ्या जातीचा. आकड्यांत कोण आहे आणि कोण नाही? इंग्रजी अमलात गोऱ्या कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवताना त्याच्याकडून गोऱ्यापेक्षा जादा हप्ता घेत. १८७०मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी माणसाला साधारण दराने विमा दिला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आजचे कोष्टक विमा उतरवलेल्यांचे आहे, हे त्याच्या नावातच आहे. राजूरच्या वर, डोंगरात राहणारी ठाकर बाई, कुमशेतचा महादेव कोळी शेतमजूर, आमच्या मोहल्ल्यातील भंगार गोळा करणारा चाचा, यांचे मरण त्यात मोजलेले नाही. कंपनीच्या राखीव निधीसाठी ते योग्यच आहे, कारण तिचे वचन विमेदारांना आहे. पण ज्यांना कोणीच वचन दिलेले नाही त्यांचे काय, याचे उत्तर कोणत्याही नियामकाकडे नाही. ते जकातीत आहे, आणि जकातीचा हिशेब आपण त्या समितीच्या वहीपेक्षा फार बरा ठेवतो असे मला म्हणता येत नाही.

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये कोष्टकांचे काय झाले ते तुम्ही पाहिले आहे. २०१२-१४च्या मृत्यूंवरून काढलेल्या आकड्यांत ते दोन महिने कुठेही नव्हते. मी त्या दिवसांत एकाच दिवशी जे जनाजे पढवले ते त्याआधी कधी महिन्यातही पढवले नव्हते. कोष्टक चुकले म्हणून ते खोटे ठरत नाही. ते चुकू शकते हे धरूनच नियमात वरची भर ठेवलेली असते. त्या आयतीपुढे मान झुकवण्याची ती गणिताची रीत आहे, असे मला वाटते. विमागणितज्ञ हे वाचून हसतील कदाचित.

त्या तरुणाला मी एवढे सारे सांगितले नाही. मी त्याला आमची वही दाखवली.

आता त्या वहीत जन्मतारखेचा रकाना आहे. तो भरायला दोन महिने लागले, कारण अनेक बुजुर्गांना तारीख ठाऊक नव्हती. “बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होतो,” एवढ्यावरून आम्ही वर्ष ठरवले. हप्ता वाढवला, वचनाची रक्कम कमी करून ती स्पष्ट लिहिली, आणि फंडातून बांधकामाला पैसे देणे बंद केले. यावरून तीन सभासद रागावून बाहेर पडले. त्या भाभींचे उरलेले अडतीस हजार समितीच्या सभासदांनी स्वतःच्या खिशातून हप्त्याने द्यायचे ठरले. सतरा हजार दिले आहेत. एकवीस हजार बाकी आहेत, आणि ते वहीत देण्याच्या बाजूला लिहिलेले आहेत.